हर्षाचा रोल प्रथमेशला

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. फोनवर अर्धं टाइप केलं आणि पुसून टाकलं. एक कारण माझं मराठी. मी वाढलो मराठी मुलखाबाहेर, तारनाक्याला, शाळेत मराठी नव्हतंच, लिहायला-वाचायला फोनच्या कीबोर्डवर आपलं आपणच शिकलो. पुण्याची आत्या माझे मेसेज वाचून हसते. दुसरं कारण हर्षा. प्रकार सगळा त्याचा आहे, आणि कॉलेजात त्याच्याबद्दल आधीच सगळे इतकं बोललेत, की त्यात मी अजून कशाला?

पण मग गेटवर ते बॅनर लागलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून.

तर हर्षा. हर्षवर्धन. राहायला मलकपेठ. आमचं लॉ कॉलेज, पाच वर्षांचा कोर्स, आम्ही तिसऱ्या वर्षाला. हर्षाच्या घरी आजोबा वकील, बाबा वकील, काका सरकारी वकील. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तर वरणात मीठ कमी आहे यावरून आजोबांनी हर्षाच्या आईची उलटतपासणी घेतली. "मीठ कधी टाकलं? कोणाच्या समक्ष टाकलं?" असं घर. आणि त्या घरात हर्षा, जो बोलत नाही.

म्हणजे मुका नाही. माझ्याशी बोलतो. कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं विकणाऱ्या चाचांशी दखनीत अशी घासाघीस करतो की चाचाच शेवटी "लेके जाव मियाँ, सर नक्को खाव" म्हणतात. पण चार माणसं समोर बसली आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली, की संपलं. तोंड उघडतं, आवाज येत नाही. टीव्ही म्यूट केल्यासारखा.

लॉ कॉलेजात हे चालत नाही. आमच्याकडे मूट कोर्ट असतं. खोटी केस, खोटा जज, मार्क खरे. दहा मिनिटं उभं राहून बाजू मांडायची. लेखी पेपरात हर्षा वर्गात पहिला. मूटला दोनदा उभा राहिला, दोन्ही वेळा नुसता उभाच राहिला. आता तिसऱ्यांदा गेला तर अख्खं वर्ष परत. आणि आजोबांनी सांगून ठेवलेलं, वर्ष गेलं तर कॉलेज बंद, काकांच्या ऑफिसात फायली लावायला बसायचं. "फायलींशी बोलावं लागत नाही," हे आजोबांचं वाक्य.

हर्षाला वकील व्हायचंय. लोकांना ते खरं वाटत नाही. त्याला खरंच व्हायचंय.

एक दिवस कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला. या ग्रुपवर सगळे आहेत, प्रोफेसर, क्लार्क, सगळी पोरं, कँटीनचे यादगिरी अन्नासुद्धा. वर लिहिलेलं 'अत्यंत गोपनीय'. खाली 'सामाजिक अडचणी असलेले विद्यार्थी' आणि आमची नावं, रोल नंबरसकट. यादगिरी अन्नांनी अंगठा दिला.

हर्षाचं नाव सगळ्यात वर. खाली माझं पण. मी तडक ऑफिसात. "मला कसली अडचण? मी तर सगळ्यांशी बोलतो."

"तेच कारण लिहिलंय," क्लार्क म्हणाला. "तुम्ही समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ दे—"

"होऊ देतो की! कोण म्हणतं नाही देत?"

त्याने यादीत माझ्या नावापुढे टिकमार्क केली. मी बाहेर आलो.

यादीतल्या मुलांचा वेगळा ग्रुप केला होता, तो घ्यायला प्राजक्ता मॅडम होत्या. पुण्याच्या, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. नाटकातून उपचार हे त्यांचं काम. लायब्ररीच्या वर एक जुनी खोली आहे, तिथे बेंच भिंतीला लावून आम्ही जमिनीवर गोल बसायचो. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथे प्रेक्षक नाहीत. टाळ्या नाहीत, 'छान केलंस' नाही. इथलं इथेच राहील."

"सॉरी," शर्वरी म्हणाली. तिने काहीच केलं नव्हतं. ती प्रत्येक वाक्याला सॉरी म्हणते, म्हणूनच तिथे होती.

सुरुवातीला मला सगळा येडेपणा वाटला. एकमेकांचे आरसे व्हा. रिकाम्या खुर्चीशी बोला. मी बोललो, तर मॅडम म्हणाल्या, "कौस्तुभ, तू खुर्चीलासुद्धा बोलू दिलं नाहीस."

मग एकदा कोर्ट मांडलं. मला वाटलं आता हर्षाला वकील करणार आणि तो परत म्यूट होणार. मॅडमनी त्याला जजच्या खुर्चीत बसवलं. वकील मी. मी सुरू झालो. हातवारे, मायलॉर्ड, पुरावे, आवाज चढवणं, सगळं. माझ्या अशिलाची बकरी शेजाऱ्याने बांधून ठेवलेली, अशी केस होती. मी बकरीच्या स्वभावावर आलो असेन, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"वकीलसाब, मुद्द्यावर या."

माझा हात हवेतच राहिला.  हर्षा बोलला होता, एवढ्या लोकांसमोर. आणि आवाज डिट्टो आजोबांचा.

"मायलॉर्ड, ही बकरी म्हणजे—"

"बकरी बसलीये. तुम्ही पण बसा."

शर्वरी खदाखदा हसली आणि सॉरी म्हणायचं विसरली.

मॅडमची पद्धत मला मग हळूहळू कळली. त्या उडी मारायला लावत नाहीत. आधी जज, कारण जजला कोणी प्रश्न विचारत नाही. मग कोर्टाचा शिपाई, नुसतं नाव पुकारायचं. मग साक्षीदार, विचारलं तेवढंच सांगायचं. आणि सगळ्यात शेवटी वकील. एकेक जागा सरकवत माणसाला मोकळ्या जमिनीवर आणून उभं करायचं. हर्षा साक्षीदारापर्यंत आला. दोन शब्दांच्या मध्ये आपला चहा पिऊन होईल इतकी जागा असायची, पण वाक्य यायचं. ती मधली जागा मला सहन व्हायची नाही. "मॅडम, याला म्हणायचंय की—" की मॅडम माझ्याकडे बघायच्या आणि मी खाली बघायचो.

वकिलाची जागा बाकी होती. मूटला अजून महिना होता. झालं असतं.

तेवढ्यात प्रिन्सिपल सर वर आले.

कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरून एक समिती येणार होती, आणि सर दाखवण्यासारखं काय आहे ते शोधत फिरत होते. एक नवीन लिफ्ट होती, पण ती बंद होती. दारात उभं राहून त्यांनी आम्हाला बघितलं. शर्वरी शिपाई झालेली, मी आरोपी.

"वंडरफुल! हे समितीला दाखवायचं."

"सर, हे दाखवायचं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"मग त्यांना दिसणार कसं?"

"दिसण्यासाठी नाहीचे ते. यांच्यासाठी आहे."

"मॅडम," सर एकदम प्रेमाने म्हणाले, "जे दिसत नाही त्याला मार्क नाहीत. नाटक आहे ना? मग स्टेज पाहिजे, लाइट पाहिजे. डायरेक्टरची सोय मी करतो. आपल्या मॅनेजमेंट कमिटीवरच एक मोठे कलावंत आहेत."

कलावंत म्हणजे हिम्मतराव. मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षानुवर्षं नाटक बसवतात. हिम्मतराव म्हणजे हर्षाचे आजोबा.

हर्षाने माझ्याकडे बघितलं. "नक्को यार," एवढंच म्हणाला.

हिम्मतराव आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. काठी चालायला नाही, दाखवायला. खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "ड्रामा थेरपी काय असते ते मी समजून घेतलं. ड्रामा मी बघतो. थेरपी आपोआप होईल."

त्यांनी नाटक लिहूनच आणलं होतं. 'मौनातून मंचाकडे', दोन अंकी. एक लाजाळू मुलगा असतो, त्याला सगळे हसतात, मग एका थोर प्रिन्सिपलांच्या कृपेने तो बोलायला लागतो, आणि शेवटी कोर्टात मोठं भाषण करून म्हणतो, "आज मी बरा झालो!" पडदा. मुलाचं नाव हर्ष.

"आजोबा, नाव तरी बदलायचं ना," मी म्हटलं.

"बदललंय की. हर्षवर्धन होतं, हर्ष केलं."

मग निवड. लाजाळू मुलाच्या रोलसाठी आधी लाजाळू मुलांना संधी द्यायची असं ठरलं, तेवढी माणुसकी त्यांच्याकडे होती. हर्षा उभा राहिला. आजोबा मागच्या बेंचवर जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "हे काय? इथपर्यंत काहीच पोचत नाही! हा लाजतोय का याची बस चुकलीये? खांदे पाड! बोटं मोड! जरा लाज की नीट!"

हर्षा लाजत होता. त्याच्या परीने पूर्ण लाजत होता.

"नाही जमत," आजोबा म्हणाले. "याच्यात लाजाळूपणा नाही."

शर्वरीला सॉरीवाल्या मुलीच्या रोलमधून काढलं, सॉरीत जीव नाही म्हणून. मला तर वाक्य संपायच्या आत बसवलं, तो अनुभव मला नवीन होता. शेवटी कॉलेजच्या कल्चरल टीमची पोरं आली. ज्यांना आयुष्यात कधी लाज वाटली नाही ती सगळी. हर्षाचा रोल प्रथमेशला. प्रथमेश म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक, माइक दिसला की त्याचे हात आपोआप वर येतात. माणूस वाईट नाही. अभ्यास म्हणून दोन दिवस हर्षाच्या मागे फिरला. "भाई, घाबरला की तू हात कुठे ठेवतो? खिशात का मागे? पाणी पितो का? कुठल्या हाताने?" 

प्राजक्ता मॅडम सरांकडे गेल्या. मी बाहेर उभा होतो, सगळं ऐकलं.

"सर, माझा ग्रुप कुठे गेला?"

"हाच की तुमचा ग्रुप. फक्त मुलं बदललीत."

आणि हर्षा? हर्षा प्रॉम्प्टर. मंडळाच्या नाटकांत हा जुना रिवाज आहे. विंगेत लपून, संहिता हातात धरून, नट अडकला की पुढचं वाक्य हळूच द्यायचं, आणि हे काम घरच्या माणसाचं. नट रुसतात, आयत्या वेळी पळतात, घरचं माणूस पळत नाही. हिम्मतरावांनी आधी बायकोला उभं केलं, मग मुलाला, आता नातू. "आपल्या घराण्याचा मान आहे," ते म्हणाले. प्रॉम्प्टरला आवाज लागतो, हे तिथे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. हर्षाच्याही नाही बहुतेक. त्याला एवढंच बरं वाटलं की विंगेत अंधार असतो.

तालमींनी ग्रुपची वेळ खाल्ली. मॅडम म्हणाल्या, डब्याच्या सुट्टीत बसू, वकिलाची जागा करून घेऊ. दोन घास खाल्ले की खालून हाक. "प्रॉम्प्टर कुठाय? घरच्याच माणसाचा पत्ता नाही!" हर्षा डबा बंद करून पळायचा. आणि प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी मूट.

"काय करायचं रे?" मी विचारलं.

"साक्षीदार म्हणून उभा राहतो," हर्षा म्हणाला. "कोणी विचारलं तर सांगतो."

पहिल्यांदा त्याच्या जोकवर मला हसू आलं नाही.

प्रयोगाचा दिवस. पहिल्या रांगेत समितीचे दोन सर आणि एक वयस्कर मॅडम, गळ्यात शाली. बाजूला प्रिन्सिपल सर, त्यांच्या बाजूला हिम्मतराव. मला पडदा ओढायचं काम, म्हणून मी विंगेत हर्षाच्या शेजारी. नाटक मस्त चाललं, ते मान्य करायला पाहिजे. प्रथमेशने असे खांदे पाडले की शर्ट मोठा वाटायला लागला. थोर प्रिन्सिपल स्टेजवर आले तेव्हा खाली खरे प्रिन्सिपल सर स्वतःलाच हात जोडून बसले होते.

मग शेवटचं भाषण. प्रथमेश धडाधड बोलत गेला, सगळं पाठ, आणि अगदी शेवटच्या वाक्यापाशी येऊन थांबला. मला वाटलं पॉज घेतोय. मग त्याचे डोळे हळूच विंगेकडे वळले.

गेलं. डोक्यातून वाक्यच गेलं.

हर्षाच्या हातात पान उघडं होतं. बोट वाक्यावर. 'आज मी बरा झालो.' त्याने तोंड उघडलं. मी बघितलं. मग मिटलं.

प्रथमेशचे कान लाल झाले. आता मला राहवेना. मी श्वास घेतला, 'आज' म्हणणारच होतो, तर हर्षाने पूर्ण पंजा माझ्या तोंडावर दाबला. जोरात. दात लागला ओठाला.

स्टेजवर प्रथमेश उभा. हात आधी मागे गेले, मग खिशात, मग कुठेच जाईनात.  दोन दिवस मागे फिरून त्याने अभ्यास केला, पण हर्षासारखा तो त्या मिनिटात दिसला. पहिल्या रांगेत हिम्मतराव ओठ हलवत होते, वाक्य खालून द्यायचा प्रयत्न, पण आवाज काढता येईना, बाजूला समिती.

आणि समितीच्या मॅडमनी डोळे पुसले. उभ्या राहिल्या. टाळ्या. मग दोन्ही सर उठले. मग अख्खा हॉल. मी पडदा ओढला.

"शेवटी तो बोलतच नाही!" त्या मॅडम हिम्मतरावांना म्हणत होत्या. "किती धाडस आहे दिग्दर्शकाचं!"

"हो, ते मुद्दामच तसं ठेवलं," हिम्मतराव म्हणाले.

मग ते पडद्यामागे आले.

"एक वाक्य! एक वाक्य द्यायचं होतं तुला! आणि घरच्याच माणसाने दगा दिला?"

प्रथमेश कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाणी पीत होता. कुठल्या हाताने ते त्यालाही कळत नसेल. प्राजक्ता मॅडम सत्काराचा बुके घेऊन दारात उभ्या. मी म्हटलं, "आजोबा, त्याला म्हणायचंय की—"

"थांब कौस्तुभ," हर्षा म्हणाला.

मग काहीच नाही. आजोबांनी काठी उचलली, बोलायला लागणार, तर मॅडम म्हणाल्या, "त्याचं व्हायचंय अजून."

आम्ही थांबलो. लाइटवाला वायरी गुंडाळत होता, तो पण थांबला.

"आवाज आला होता," हर्षा म्हणाला. "मी... दिला नाही."

"का?"

"ते वाक्य खोटं आहे."

"नाटकातली वाक्यं खोटीच असतात!"

"हौ," हर्षा म्हणाला. परत ती मोठी जागा. "पण नाव माझं होतं."

हिम्मतरावांचं तोंड उघडं होतं. त्यातून आवाज आला नाही. शपथ सांगतो. एवढ्या वर्षांचे वकील, आणि त्यांना पुढचं वाक्य द्यायला विंगेत कुणी नव्हतं. शेवटी काठी काखेत मारून म्हणाले, "उद्या मूट किती वाजता?"

"अकरा."

"मग इथे काय करतो? घरी चल."

मूटला जज म्हणून एक रिटायर्ड मॅजिस्ट्रेट होते, ओळखीचे कुणी नाहीत. मॅडमना आत बसू दिलं नाही, बाहेरच्यांना परवानगी नाही म्हणे. मी मागच्या बाकावर. हर्षा उभा राहिला. समोर जज, बाजूला प्रोफेसर, मागे आम्ही. नेहमीचं सुरू झालं. तोंड उघडं, आवाज नाही. जजनी पेन खाली ठेवलं. मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढून बसलो.

मग तो म्हणाला, "सर, मला मध्ये वेळ लागतो. मी थांबलो तर... संपलो असं समजू नका."

जजनी पेन परत उचललं. "टेक युअर टाइम."

आणि हर्षाने बाजू मांडली. सोसायटीच्या भिंतीची केस होती. दहा मिनिटांतली निम्मी नुसती शांततेत गेली असतील. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एका प्रोफेसरांनी जांभई दिली. शेवटचा मुद्दा राहिलाच, वेळ संपली. पास झाला. काठावर. जजनी शेरा लिहिला, 'मुद्दे पक्के, वेग कमी.' हर्षाने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आजोबांनी उत्तर दिलं, 'वेग माझा घे.' 

कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. गेटवर बॅनर लागलं, 'मौनातून मंचाकडे! आमचे विद्यार्थी शंभर टक्के बरे!' आणि फोटो प्रथमेशचा. त्याच आठवड्यात ऑफिसचा मेसेज, की सर्व संबंधित विद्यार्थी बरे झाल्यामुळे प्राजक्ता मॅडमचं काम या महिन्यात संपतंय, कॉलेज त्यांचं आभारी आहे. शर्वरीने खाली 'सॉरी' टाकलं. या वेळेला बरोबर जागी होतं.

मॅडम आता रविवारी तारनाक्याला त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ग्रुप घेतात. आम्ही जातो. गेल्या रविवारी प्रथमेश आला. स्कूटरवरच बसून राहिला बराच वेळ. फ्रेशर्सच्या कार्यक्रमात माइक समोर आला आणि हात वर जाईनात म्हणाला. "बसू का मी पण?" मॅडमनी त्याला जजची खुर्ची दिली.

पुढच्या सेमिस्टरचं मूट जोडीने असतं. मार्क दोघांना सारखेच. हिम्मतरावांनी घरी जाहीर केलंय, हर्षाची जोडी प्रथमेशशी. काल हर्षा कँटीनला माझ्या समोर येऊन बसला.

"जोडी करतो का?"

"माझ्याशी? अरे, मी तुझी सगळी वाक्यं खाईन. मला ओळखतो ना तू?"

"हौ. म्हणून आधी विचारतोय." चहा ढवळत बसला. मी ढवळू दिलं. "मी अडकलो. समोरचे हसायला लागले. जज घड्याळ बघतोय. तुझे पण मार्क चाललेत. तू काय करणार?"

माझ्याकडे चार उत्तरं तयार होती. चारही लांब होती.

"बसून राहीन," मी म्हटलं.

"कौस्तुभ, खरंच सांग."

"खरंच. मार्क जाऊ देत. तू स्वतः मला 'ऊठ' म्हणेपर्यंत मी उठणार नाही, शब्द दिला तुला."